सुदानी मेंढपाळाच्या शेताची साक्ष

दम्मामबाहेरच्या जनावरांच्या बाजारात माझं चाऱ्याचं दुकान आहे. म्हणजे कागदावर कफीलचं, माझ्या अरबी मालकाचं; गल्ल्यावर बसतो मी. किस्से सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही. अडचण एवढीच की मराठीत ऐकणारं इथे कुणी नाही. मग मी मोडक्या अरबीत शेजारच्या कुंपणातल्या सुदानी मेंढपाळाला सांगतो आणि तो गुडघ्यावर थापा मारत हसतो. त्या हसण्यावर मी कित्येक वर्षं काढली.

एका दुपारी तो हसला नाही. गावाकडे शेजाऱ्याने त्याच्या चार गाई चोरून नेल्या होत्या आणि वर त्याच्या शेतात नांगरही घातला होता. गाईंच्या कानांवरच्या मालकीच्या खुणा बदलल्या होत्या, तेव्हा त्या गेल्यातच जमा. शेताचा निवाडा मात्र त्याच दुपारी व्हायचा होता. त्यांच्या गावात जमिनीला कागद नसतो. परदेशी गेलेला माणूस परतणार असेल तोवर शेत त्याचं; परतणार नसेल, तर कसेल त्याचं. पंच त्याला व्हिडिओ कॉलवर विचारणार होते, आणि त्याला रोज पाहणारा एक साक्षीदारही हवा होता.

"सदीक, तू चल," तो म्हणाला. दोस्ताला तो सदीक म्हणतो. "तुला बोलता येतं."

मला मंच दाखवायचाच अवकाश! मी शर्ट बदलला, केसांना पाणी लावलं, घसा खाकरला. फोनच्या पडद्यावर पाच पांढरी पागोटी दाटीवाटीने बसली होती.

"काका, मी परत येणार आहे," तो म्हणाला.

"सगळेच म्हणतात," सर्वांत म्हातारे पंच म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तू सांग, आमचा मुलगा तिथे कसा आहे?"

आखातात बावीस वर्षं काढलेल्या माणसाकडे या प्रश्नाला एकच उत्तर असतं. ते आपोआप बाहेर पडतं.

"राजासारखा!" मी दोन्ही हात पसरले. "थंडगार खोली, रोज मटण, मालक याच्या शब्दाबाहेर नाही!"

सुदानी माझी बाही ओढत होता. मला वाटलं, लाजतोय.

"अल्हम्दुलिल्लाह," म्हातारे खूश झाले. "मग तो इथली ढेकळं फोडायला कशाला येईल? शेत शेजाऱ्याला राहू दे."

"थांबा!" मी ओरडलो. "खोटं बोललो मी! पत्र्याच्या खोलीत आठ जण झोपतात. मटण तो फक्त राखतो, खात नाही. बायकोशी बोलून झालं की भिंतीकडे तोंड करून पडतो. त्याला यायचंय हो, उद्या यायचंय!"

माझा आवाज फाटला. इतकं खरं मी माझ्या घरीही कधी बोललो नव्हतो.

पाचही पागोटी खदखदून हसली. "दोस्त चांगला मिळालाय तुला," म्हातारे त्याला म्हणाले. "शेतासाठी काय नाटक करतो!" आणि फोन बंद झाला.

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खलास, सदीक," तो म्हणाला. "मीही अकरा वर्षं त्यांना हेच सांगत आलो, राजासारखा आहे म्हणून." मग मेंढ्यांना पाणी पाजायला निघून गेला.

हल्ली तो येतो, सलाम करतो, चारा उचलतो आणि जातो. बसत नाही. गेल्या आठवड्यात एक उंट कफीलच्या नव्या गाडीवर जाऊन बसला. उठेना. फर्मास किस्सा आहे. अजून कुणाला सांगितलेला नाही.