मोरचुदातलं पाणी

“पाण्याचं आता तुम्ही लोक आम्हाला शिकवणार का?”

सर असं म्हणाले आणि वर्ग हसला. मी उभीच होते. बस म्हणाले नव्हते, म्हणून उभी.

पीयूसीचं पहिलं वर्ष, म्हणजे तुमची अकरावी. मोलचा धडा चालू होता. मोल म्हणजे कणांची ठरलेली मोजणी, डझनासारखी. फक्त हा डझन इतका मोठा, की तो मोजत नाहीत, तोलतात. सरांनी फळ्यावर लिहिलं: मोरचूद, एक मोल, १५९.५ ग्रॅम. मी हात वर केला. म्हटलं, “सर, निळ्या मोरचुदात पाणी असतंय. ते धरून २४९.५ होतंय.” त्यावर ते वाक्य आलं.

सर मराठी घरातले. शिकवायचे इंग्रजीत, रागवायचे कन्नडात आणि असलं काही बोलायचं असलं की मराठीत. नीट लागावं म्हणून असेल.

मला काय वाटलं? काहीच नाही. खरं सांगते. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा आपला राहत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

हे पाणी मला पुस्तकानं शिकवलं नव्हतं. अप्पा निर्णा गावातल्या एका आल्याच्या शेतात मजुरीला जायचे. मोरचूद आणि चुना कालवून आल्याच्या मुळाशी ओतायचं काम त्यांच्याकडं. बोटं कायम निळी. लहानपणी मी त्यांच्या खिशातला एक खडा फुटक्या पत्र्यावर ठेवून चुलीवर तापवला. वाफ निघाली आणि खडा पांढराफटक पडला. मी घाबरले. अप्पांनी तो गार झाल्यावर त्यावर दोन थेंब पाणी टाकलं. खडा परत निळा. म्हणाले, “पाणी गेलतं बघ त्यातलं.”

लॅबमधल्या बाटलीच्या चिठ्ठीवरही २४९ चाच आकडा छापलेला होता. ती चिठ्ठी मीच तेवढी वाचली होती, कारण बाटल्या मी पुसायची.

ते असं झालं. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं होतं, “सरकारी स्कॉलरशिपवाले कोण?” एकटी मीच उभी राहिले. आम्ही बौद्ध. गावात सगळ्यांना ठाऊक होतंच, आता वर्गालाही कळलं. तेव्हापासून प्रॅक्टिकलला वाटणी ठरली. बाकीचे तोलायचे, मी धुवायची. “काटा नाजूक असतो. तू धू.” वर्षभर मी त्या इलेक्ट्रॉनिक काट्याला बोट लावलं नाही. आणि सांगायला लाज वाटते, मी एकदाही मागितला नाही. नळ्या लख्ख धुवायची. वर सर कधी चांगलं म्हणतील म्हणून वाट बघायची.

मग तो प्रयोग आला. १.६ ग्रॅम मोरचूद पाण्यात विरघळवायचं. त्यात लोखंडी खिळे बुडवायचे. निळा रंग गेला की खिळ्यांवर बसलेलं तांबं खरवडून, वाळवून तोलायचं. सरांच्या हिशेबानं ०.६४ ग्रॅम यायला हवं. सगळ्यांच्या वहीत ०.६४ आलंही. आमच्याकडची रीतच ती: आधी उत्तर काढायचं, मग त्यावरून रीडिंग लिहायचं. तांबं तोललं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तांबं वाळत ठेवलेले कागद फेकायला मी गेले. लॅबमध्ये कुणी नव्हतं. एक कागद काट्यावर ठेवला. कोऱ्या कागदाचं वजन वजा केलं. ०.४१. दुसरा ठेवला. ०.४०. तिसरा. परत ०.४१. पाणी धरून हिशेब केला की एवढंच येतं. माझा हात लागून काटा काही बिघडला नाही.

सर म्हणाले, “रेकॉर्डच्या वहीत शेजारणीचं उतरवून घे. सही करतो.” सही नसली की परीक्षेला बसू देत नसत. मी ०.४१ लिहिलं. खाली लिहिलं: मला काटा मिळाला नाही, म्हणून फेकायचं तांबं तोललं.

“हे खोड.”

“न्हाई खोडणार, सर.”

“मग सही नाही.”

“कामून न्हाई ते लिहून द्या. तवर मी हितंच थांबते.”

तीन दिवस स्टाफरूमच्या दारात उभी राहिले. पाय दुखले, एवढंच आठवतं. चौथ्या दिवशी त्यांनी ०.४१ वर लाल फुली मारली, बाजूला ‘चूक’ लिहिलं आणि सही केली. मी परीक्षेला बसले. जिंकले असं मात्र वाटलं नाही.

आज मन्नाएखेळ्ळीच्या कॉलेजात मी हाच धडा शिकवते. परवा त्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. सर निवृत्त व्हायलेत, सत्कार आहे. “तू त्यांच्याच हाताखाली शिकलीस. दोन शब्द बोल अक्का. चांगलंच बोल बघ, जुनं काय काढू नको.”

येते म्हटलं.

शाल, हार होऊ देणार आहे. मग ती वही उघडणार आहे, लाल फुलीसकट. आधी त्यांचं वाक्य सांगणार, जसंच्या तसं, मराठीत. मग बाटलीवरचा आकडा. मग ०.४१. आणि माईकवरून विचारणार, सर, यात चूक काय होतं?

उत्तर येईपर्यंत खाली बसणार नाही. उभं राहायची सवय मला त्यांनीच लावली आहे.