कोल्हापूरचं इंजिन

मंडपकाका नटबोल्टांना मराठीतच दम द्यायचे. घरची भाषा मराठी, पण बाकी त्यांचा सगळा दिवस कन्नडमध्ये जायचा. दूधवाला, शेजारी, बेंगळुरूहून फोन करणारा मुलगा, सगळ्यांशी कन्नड. पण पिकअपचं बॉनेट उघडलं की त्यांचा आवाज चढे. "हल मेल्या! स्वल्प तरी हल!" मी हसलो की म्हणायचे, "हसतोस काय? कोल्हापूरच्या भंगारातनं आणलंय हे इंजिन. कन्नडात शिव्या घातल्या तर त्याला कळतात काय?"

म्हैसूरजवळ येलवालला त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायचो. आमच्या घरातला पहिला पदवीधर, सांगोल्याहून थेट म्हैसूरच्या नोकरीवर आलेला. ऑफिसात इंग्रजी, बसमध्ये न समजणारी कन्नड, आणि मराठी फक्त आईच्या फोनवर. एका रविवारी काकांनी अंगणातून हाक मारली, "सांगोलेकर, जेवलास काय? ये, हा पाना धर." त्या हाकेचे उपकार मी विसरू शकत नाही.

पिकअप त्यांच्या मंडपाच्या धंद्यातली. दसऱ्यात खुर्च्या आणि बांबू लादून ती मिरवणुकीच्या मैदानावर, बन्नीमंटपाला जायची. पुढे धंदा बंद झाला, काकू गेल्या, आणि गाडीचं पेट्रोल इंजिनही बसलं. मुलगा म्हणाला, विकून टाका. काकांनी आरटीओची परवानगी काढली आणि डिझेल इंजिन आणलं. ते जुन्या जागेत मावेना. वेल्डरकडून इंजिन बसवायला नवी माउंटिंग करून घेतली, रेडिएटर पुढे सरकवला. मी कप्पीची साखळी ओढायचो, काका टांगलेलं इंजिन हाताने वळवत खाली घ्यायचे. मी घाई केली की म्हणत, "सुम्ने, उगाच ओढू नको. त्याला जागेची ओळख होऊ दे." मग माझ्याकडे बघून, "तुलापण तेच सांगतोय."

मुलाला मराठी समजायची, पण उत्तर कन्नडमध्ये यायचं. "भिंतीवर चेंडू मारल्यासारखं वाटतं बघ," काका एकदाच म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली शिरले.

शेवटी एका रविवारी इंजिन सुरू झालं. काळ्या धुराने अंगण भरलं. शेजारच्या अज्जी ओरडत बाहेर आल्या. काका मात्र स्टिअरिंगला धरून लहान मुलासारखे हसत होते. त्याच आठवड्यात मला पुण्याची नोकरी मिळाली. सांगितलं तेव्हा ते कॉफी ढवळत राहिले. "पुणे काय? चांगलं झालं. मराठी गाव."

पुढच्या रविवारी पाहतो तर माउंटिंगचे बोल्ट परत ढिले केलेले. "कंपन येतंय," काका म्हणाले. आम्ही दिवसभर कसत बसलो. त्यानंतर क्लच उघडला, मग डिझेलचा पाइप. एक दिवस फाटकाशी वेल्डर भेटला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "सर, गाडी एकदम ठीक है. परसों काकाच चलाके मेरे दुकान को आये थे."

मी आत गेलो. काका गाडीखाली आडवे पडले होते. बाहेर फक्त पाय दिसत होते.

"कोण रे?"

"मीच. आज काय काढायचं, काका?"

गाडीखाली पाना ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पुढची माउंटिंग. ती पण बघून घेऊ."

म्हैसूरच्या माझ्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला पिकअपमधूनच स्टेशनवर सोडलं. इंजिन ठणठणीत चालत होतं. माझी बॅग उतरवून देत ते म्हणाले, "तिकडं सगळे शुद्ध बोलतील. तू घाबरू नको, आपलं तसंच बोल."

आता पुण्याहून मी रविवारी फोन करतो.

"गाडी झाली का, काका?"

"कुठली रे! स्वल्प काम आहे अजून. तू कधी येतोस?"

दिवाळीला बघतो, असं मी म्हणतो. ते "हूं" म्हणतात. पण फोन ठेवत नाहीत.