येसूआजीचा अंगठा

"अंगठा मिळायचा न्हाय," असं म्हणून येसूआजीने मूठ पदराखाली दडवली. जणू मी तो कापूनच नेणार होतो!

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी इंदापूरच्या तहसील कार्यालयात पुरवठा निरीक्षक होतो, म्हणजे रेशनच्या धान्यावर देखरेख करणारा माणूस. काही हुशार मंडळी इंदापुरात एक आणि बारामतीत दुसरं, अशी दोन रेशनकार्डं बाळगायची. त्यांना आळा घालायला नव्या कार्डाच्या अर्जावर अंगठ्याचा ठसा सक्तीचा झाला. ठसा नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर धान्य नाही. पळसदेवच्या चावडीत आमचा कॅम्प लागला होता.

येसूआजी मासे विकून दोन नातवंडं सांभाळायची. त्या रांगेत धान्याची गरज तिच्याइतकी कुणालाच नव्हती.

"आजी, हट्ट करू नका. धान्य बंद होईल."

"साक्षरतेच्या वर्गात सही शिकलीया मी. सही घ्या."

"सही करा, पण अंगठाही लागतो."

"धरणाच्या टायमाला असाच घेतला व्हता. कागदावर काय हाय, कुणी सांगितलं न्हाय. घर पाण्यात गेलं."

अडचणीत सापडलो की मी नाटक करतो. उठलो, शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कोऱ्या कागदावर उमटवला. "हा बघा, बी. कॉम. झालेला अंगठा!"

लोक हसले. आजी हसली नाही. "तुमी हुकमाचं मानूस. तुमच्या सायबाचा कुठंय?"

नेमकी तेव्हाच तहसीलदारांची जीप आली. रावसाहेब उतरले, पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री. मी चाचरत सगळं सांगितलं आणि मनातल्या मनात बदलीची तयारी केली.

रावसाहेबांनी खुर्ची ओढली, ती थेट आजीसमोर. अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. "यात घर नाही, जमीन नाही. फक्त धान्य. पटलं?"

"पटलं. पर आधी तुमचा."

त्यांनी माझ्या ठशाशेजारी आपला ठसा उठवला आणि सवयीने हात शर्टालाच पुसला!

मग आजीने पेन मागितलं. जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढू लागली.

"आटप की येसाबाय," मागून रांगेतले तात्या ओरडले. "तवर गहू सपंल!"

"गप बसा तात्या. तुमाला येती का सही?"

सही एवढी ऐसपैस झाली की कचेरीच्या शिक्क्याला जागाच उरली नाही. मग तिने आपणहून अंगठा पुढे केला. कार्ड झालं, घरात धान्य आलं.

रावसाहेब चिडून निघून गेले असते, तरी नियम त्यांच्याच बाजूने होता. ते बसले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आजीचा तर जास्तच. पुढे नोकरीभर, कागद वाचून दाखवल्याशिवाय मी कुणापुढे पॅड सरकवला नाही. वेळ लागतो, पण कटकट कमी होते.

आणि कॅम्पला पांढरा शर्ट घालून जाऊ नये.