तांबडं लागलं की थांबायचं

धुळा काळेलला कशाचंच कौतुक नव्हतं. देवाचं नव्हतं, सरकारचं नव्हतं, बोअरच्या गाडीचं तर मुळीच नव्हतं. माण तालुक्यात चाळीस वर्षं त्यानं विहिरी खणल्या. विहिरीतला दगड वर ओढणारी यारी त्याची स्वतःची. मुहूर्ताला मालक नारळ फोडायचा तेव्हा हा पाठ करून बिडी ओढायचा. खोबऱ्याची वाटी मात्र न चुकता उचलायचा. पाण्याची जागा सांगणारा पाणाड्या डहाळी घेऊन शिवारात फिरायला लागला की म्हणायचा, "हिंडू द्या. जेवायच्या येळंला घराकडं बरोबर वळतीय ती डहाळी."

पण शब्द त्याचाच चालायचा. धुळाआप्पा खणा म्हणाला की लोक खणायचे, बुजवा म्हणाला की बुजवायचे. काळ्या कातळाखाली कधीकधी हातभर जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा लागतो, भाजलेल्या विटेसारखा. तो दिसला की धुळा त्याच दिवशी यारी सोडायचा. "मेली हीर," एवढंच म्हणायचा. कुणी कारण विचारलं तर त्याच्याकडं असा बघायचा, की विचारणारा पुन्हा त्या वाटेला जायचा नाही.

गेल्या माघात तांबडं लागलं ते त्याच्या थोरल्या बहिणीच्या विहिरीत. बावन्न फुटांवर.

मनुबाई विधवा. चार एकर रान, पंधरा शेरडं आणि मुंबईकडं एक मुलगा, धनाजी. त्यानं सांगून ठेवलं होतं. विहिरीला पाणी लागलं तर रहा. नाही लागलं तर शेरडं विकायची, घराला कुलूप लावायचं आणि कामोठ्याला यायचं. मनुबाई कामोठ्याला महिनाभर राहून आली होती, चौथ्या मजल्यावर. त्या महिन्याबद्दल ती एकच वाक्य बोलायची. "तितं सकाळी उठून जायचं कुटं, त्ये कळत न्हाई."

धुळा "मेली" म्हणाला तेव्हा ती शेरडं घेऊन रानात गेली. दोन दिवसांनी म्हणाली, "बुजव. पर आदी मला झरूबाईला ने."

झरूबाई देवीचं टोक कोकणात, चिपळूणच्याही पुढं. समुद्रात घुसलेला कडा, आणि त्या कड्यात खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर गोडं पाणी झिरपतं. ते मेलेल्या विहिरीत ओतलं की विहीर जिवंत होते, असं तिला भजनातल्या बायकांनी सांगितलेलं.

"आगं, बाटलीभर पाण्यानं हीर भरत आसती तर मी सुरुंग कशाला लावलं आसतं? बाटल्याच इकल्या आसत्या की."

"येतूस का न्हाई, त्येवढं बोल."

"येतू. तुजी देवी बगतू, आन माघारी आल्यावर माती लोटतू."

गाडी विट्याच्या विश्वजितची ठरली. देवीपुढं जाणं हा एक अपमान होताच; धुळाला हा दुसरा वाटला. विश्वजितचं आडव्या बोअरचं मशीन होतं. विहिरीत उतरून तो भिंतीत आडवी भोकं पाडायचा. धुळा त्याला उंदीर म्हणायचा.

"काय उंदीरराव, बीळ सोडून भायेर आलासा?"

"आवं आप्पा, आक्कांच्या हिरीत एक भोक मारू द्या म्हनलं, तर काठी घिऊन मागं लागला तुमी. आता देवीलाच इचारतो."

कराड, पाटण, कुंभार्लीचा घाट. दुपारी समुद्र दिसला. धुळानं एकसष्ट वर्षांत तो पहिल्यांदा बघितला. विश्वजितनं मुद्दाम गाडी थांबवली. धुळा उतरला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"एवढं पाणी," तो म्हणाला, "आन एक गुळणी कामाची न्हाई. चल."

गाडीची वाट सड्यावर, कड्यावरच्या उघड्या माळावर संपली. पुढं तासभर चाल. पायाला टोचणारा जांभा, वाळकं गवत, झाडाचं नाव नाही. दोन्ही अंगांना समुद्र खाली कुठंतरी आदळत होता.

"हे तर आपलं माणच हाय की," धुळा म्हणाला. "नुसतं भवतीनं पाणी लावलंय. ह्येच बगायला पाच तास कंबर मोडून घेतली व्हय?"

मनुबाई चालत होती.

कड्यावरून खाली उतरायला कातळात पायऱ्या खोदल्या होत्या. तिथं कॉलेजची मुलं वह्या घेऊन उभी होती आणि त्यांच्या बाई हातोडीनं कडा दाखवत होत्या. "खालचा खडक एका लाव्ह्याचा, वरचा दुसऱ्याचा. मधल्या काळात जी माती तयार झाली, ती वरच्या लाव्ह्यानं भाजून निघाली. म्हणून हा पट्टा लाल."

धुळा हातोडीकडं बघत होता. "बाई, ह्येनं काय फोडता? शेंगा?"

मुलं हसली. बाईही हसल्या. धुळा पायऱ्या उतरायला लागला.

एका हातानं साखळी धरायची, दुसरा हात कातळाला. खाली लाट फुटली की पायरी हादरायची. विश्वजितनं मनुबाईला जवळजवळ उचलूनच आणलं. तळाशी कपार होती. शेंदूर लावलेला दगड, एक घंटा, खिळ्यांना अडकवलेल्या बांगड्या. शेजारी गुरव बसला होता, रिकाम्या बाटल्या घेऊन.

"हळू बोला," गुरव म्हणाला. "आईचा पान्हा आहे. हे पाणी कुठून येतं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ येऊन गेले, हात टेकले त्यांनी."

मनुबाईनं डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

धुळा देवीकडं बघत नव्हता. त्याची नजर कातळावर होती. वरचा काळा दगड चिरांनी भरलेला. त्याच्याखाली तांबडा पट्टा. आणि दोघांच्या सांध्यातून, अगदी दोरी धरल्यासारखं, पाणी पाझरत होतं. पट्ट्याखालचा दगड कोरडा. त्यानं सांध्यावर तळवा ठेवला. मग त्याला हसू फुटलं.

"शास्त्रज्ञांचं ऱ्हाऊ द्या, मला इचारा. वरचा कातूळ चिरलाय. पावसाचं पाणी त्या चिरांतनं खाली येतंय. तांबडी माती त्येला खाली जाऊ देत न्हाई. मग त्ये मातीच्या डोक्यावरनं आडवं पळतंय, आन हितं कडा तुटलाय म्हनून भायेर पडतंय. ह्यात आई कुटं आली? नुसता तांबड्याचा पट्टा हाय. आमच्या माणात लय हायती आसलं."

मनुबाईनं डोळे उघडले.

"धुळ्या," ती म्हणाली, "माज्या हिरीत बी तांबडंच लागलंय न्हवं?"

खाली लाट फुटली. विश्वजितला टोमणा मारायची ही नामी संधी होती. तो आपल्या चपलांकडं बघत राहिला. धुळानं तळवा कातळावरून काढला आणि धोतराला पुसला.

वर चढताना तो सगळ्यात मागं होता. त्याला जोतिबा आठवत होता. चुलतभाऊ. त्यानंच धुळाला हे काम शिकवलं. सदतीस वर्षांपूर्वी जोतिबा विहिरीच्या तळाशी तांबड्यात पहार मारत होता आणि धुळा यारीवर होता. पट्टा ढासळला आणि त्याच्यासोबत वरचा कातळही आला. जोतिबा खालीच राहिला. तेव्हापासून तांबडं दिसलं की धुळा खाली उतरला नाही. दुसऱ्यालाही उतरू दिलं नाही. भीती वाटते असं गड्यामाणसाला म्हणता येईना, म्हणून तो "मेली हीर" म्हणायला लागला. लोकांना ते ज्ञान वाटलं. पुढं पुढं त्यालाही ते ज्ञानच वाटायला लागलं. त्या ज्ञानावर त्यानं किती विहिरी बुजवायला लावल्या! शाळेमागची. वरच्या आळीतली. बिरदेवची. बिरदेवनं तर विहीर बुजवली आणि दोन वर्षांत रान विकलं. आता दुसऱ्याची मेंढरं राखतो.

कराडात ते चहाला थांबले. धुळानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "उंदरा, मशीन कवा मोकळं हाय तुजं?"

चार दिवसांनी मशीन विहिरीत उतरलं. त्याच्याआधी धुळा उतरला. तांबड्याच्या वर वीतभर अंतरावर त्यानं खडूनं खुणा केल्या. तांबड्याला मात्र हात लावला नाही. विश्वजितनं ते बघितलं आणि मशीनचा पाईप तपासत बसला. पहिलं भोक कोरडं गेलं. दुसरंही. तिसरं डोंगराच्या अंगाला घेतलं. साठ फुटांच्या पुढं आधी चिखल आला. मग मनगटाएवढी धार.

संध्याकाळपर्यंत गाव लोटलं. मनुबाईनं सकाळीच झरूबाईची बाटली विहिरीत ओतलेली सगळ्यांनी बघितली होती. झांजा आल्या, गुलाल आला. विहिरीच्या काठाला देवीचं ठाणं करायचं इथपर्यंत बोलणं गेलं. सरपंचांनी धुळाच्या गळ्यात हार घातला.

"आप्पासारका जाणता न्हाई," सरपंच म्हणाले. "हीर मेली म्हनले, ती मेलीच हुती. आईनं जिती केली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शब्दही शाबूत, पाणीही हजर. धुळानं नुसतं मान हलवून उभं राहायचं होतं. त्यानं हार काढला.

"मेली कुटं हुती! डोस्की हायती का मडकी? पाणी हितंच हुतं, भिताडाच्या आड. देवीच्या नावावर खपवू नगासा. माजं चुकलं हुतं. तांबड्याला भेत हुतो मी. सदतीस वर्सं भेत हुतो, आन तुमाला शानपन शिकवत हुतो."

कुणीतरी हसलं. आप्पाची नेहमीची फटकळ बोली, असं वाटून. मग हसणं थांबलं. धुळा गर्दीतल्या एकाकडंच बघत होता.

"बिरदेवा, तुजी हीर मीच बुजवाय लावली. तिच्यात बी पाणी आसनार."

बिरदेवच्या हातात गुलालाचा पुडा होता. तो त्यानं सावकाश खाली ठेवला. हात झटकले. वळला आणि बांधावरून चालायला लागला.

"जाऊ दे त्येला आज," मनुबाई म्हणाली.

धुळानं ऐकलं नाही. "बिरदेवा, थांब की रं," म्हणत तो मागं निघाला. बिरदेव थांबला नाही. धुळाही थांबला नाही.