हजेरी, खोकला आणि एक कप चहा

"स्ट्रोक आहे. लहान आहे, पण आहे." लातूरच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि एवढंच सांगितलं. स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटणं. आपल्याकडे त्याला अर्धांगाचा झटका म्हणतात. मी त्या फिल्मकडे बघितलं. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवणारा माणूस क्ष-किरणांवर तासभर बोलू शकतो, पण स्वतःच्या डोक्याचा फोटो त्याला वाचता येत नाही. शिवाय त्या दिवशी मला तासभर काय, मिनिटभरही बोलता येत नव्हतं.

झटका सकाळच्या सहाच्या बॅचला आला. फळ्यावर गणित सोडवताना हातातून खडू पडला. 'प्रवेग' हा शब्द तोंडातून निघेना, निघाला तो चिखलातून आल्यासारखा. मी अधूनमधून नकला करायचो, म्हणून पोरं हसली. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हाही हसली. तिसऱ्यांदा पुढचा बाक गप्प झाला.

हात-पाय दहा दिवसांत बऱ्यापैकी ताळ्यावर आले. बोलणं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, हा डिसार्थ्रिया. यात शब्द डोक्यात जागच्या जागी असतात, पण जीभ, ओठ आणि टाळू यांचे स्नायू हुकूम ऐकत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं, हा पिऊन आलाय. तुमच्यावर ही वेळ आली तर लोकांच्या नजरेची तयारी आधीच ठेवा. मी आयुष्यात कधी थेंब घेतला नाही, आणि आमच्याच कॉलनीतल्या दुकानदाराने मला दुपारी चार वाजता घरी जाऊन झोपायचा सल्ला दिला.

तो मार्च होता. नवी बॅच जूनमध्ये सुरू होणार होती. भूकंपानंतरच्या वर्षांत लातुरात क्लासेस असे वाढले की ज्या पत्र्याच्या शेडमध्ये आधी खताची पोती असायची, तिथे बाक आले. गावोगावची पोरं खोल्या करून राहू लागली. पालक यायचे, मागच्या बाकावर बसून दहा मिनिटं सरांचं बोलणं ऐकायचे आणि मग पोराचं नाव घालायचे. ज्याचं बोलणं समजत नाही त्याच्याकडे कोण नाव घालणार? मला जूनमध्ये त्या फळ्यासमोर उभं राहायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

आमच्या क्लासची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मी तास सुरू करायचो तो एकाच वाक्याने: "गैरहजर कोण?" जो नसेल त्याचं नाव दाराजवळच्या फळ्यावर जायचं आणि आठवडाभर तिथेच राहायचं. उलट, जो ताप अंगात घेऊन येईल त्याला मी उभं करायचो आणि टाळ्या वाजवायला लावायचो. देवणीची एक मुलगी अंगावर कांजिण्यांचे फोड घेऊन बसली होती, तिचं उदाहरण मी तीन वर्षं दिलं. पुढे निम्म्या बॅचला कांजिण्या आल्या, तो भाग मी सांगत नसे.

स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्याचे व्यायाम, शिकवणाऱ्या मॅडम नांदेडला होत्या. सुनंदाचं, माझ्या बायकोचं, माहेर नांदेडचं. आम्ही तिच्या भावाकडे मुक्काम टाकला.

वैशाली मॅडमचं केंद्र तीन खोल्यांचं. जाताच बोलायला शिकवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आधी हात धुवायला शिकवले. दारातच बेसिन, साबण, भिंतीवर घड्याळ. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, आणि घड्याळात बघून वेळ पुरी. प्रत्येक पेशंटची नाव लिहिलेली कापडी पिशवी. तिच्यात त्याचा स्वतःचा आरसा, चमचा, फुंकायची नळी आणि शिट्टी. दुसऱ्याच्या पिशवीला हात लावायचा नाही. जीभ दाबायची लाकडी पट्टी एकदा वापरली की मोडून पिवळ्या डब्यात. दोन पेशंटच्या मध्ये हातमोजे बदलायचे, टेबल पुसायचं. लहान मुलांची खेळणी रोज साबणाने धुऊन गच्चीवर उन्हात घातलेली असत. क्लासमध्ये मी जेवढे नियम केले नव्हते तेवढे या बाईंनी एका बेसिनपाशी केले होते.

पहिल्याच आठवड्यात मी बोलणी खाल्ली. चित्रांची कार्डं उलटायची होती. मी सवयीने बोट जिभेला लावलं आणि कार्ड उलटलं. वीस वर्षं पेपर तपासलेला हात, तो दुसरं काय करणार! मॅडमनी गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला आणि एकेक कार्ड स्पिरिटने पुसत बसल्या. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "सर, इथं सगळ्यांचा आजार तोंडाचा हाय. आन् जंतूंचा रस्ताबी तोच हाय." मॅडम भोकरच्या. पेशंटशी पुस्तकी बोलायच्या, रागावल्या की भोकरच्या व्हायच्या.

पुढे एकदा मी विचारलं, एवढी शिस्त कुठून आली? भूकंपानंतर त्या कॉलेजच्या पोरींबरोबर एका छावणीत कामाला गेल्या होत्या. "तिथं घरं पडली ती एका रात्रीत. पण मग एकाच घागरीत सगळ्यांचे हात जायला लागले आणि जुलाब सुरू झाले. घर पडणं आपल्या हातात नव्हतं. घागर होती." एवढं बोलून त्यांनी माझ्यासमोर आरसा ठेवला.

मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटची वीस मिनिटं जोडीने सराव असे. माझी जोडी अजीजचाचांशी लागली. चाचा नांदेडचे शिंपी, सत्तरीच्या घरातले. त्यांनाही झटका आला होता, पण त्यांचा घसा जास्त कमजोर झाला होता. त्याला डिस्फेजिया म्हणतात, म्हणजे गिळता न येणं. अशा माणसाचं पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि छाती आधीच नाजूक असल्यामुळे साधी सर्दीसुद्धा त्याला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाला झालेला जंतुसंसर्ग. चाचांच्या नाकातली दूध घालायची नळी नुकतीच निघाली होती. घट्ट खिचडी, घट्ट दही एवढंच चालू होतं. पातळ काहीही बंद.

"सर, आपल्याला न्हाई बोलता आलं तरी चालंल," ते थांबत थांबत म्हणायचे. "सुई बोलत न्हाई, तरी काम करती. फकस्त एक कप चाय भेटला पायजे."

मॅडमनी त्यांना सांगितलं होतं, पंधरा दिवस असेच नीट गेले तर चमच्याने चहा सुरू करू. चाचा दर खेपेला मला बोटांवर दिवस दाखवायचे.

मला कोणतं वाक्य पक्कं करायचंय असं मॅडमनी विचारलं, तेव्हा मी लिहून दिलं: गैरहजर कोण? त्यातला 'र' महिनाभर माझ्याशी भांडला. मेच्या मध्यावर तो यायला लागला.

आणि त्याच आठवड्यात मला सर्दी झाली.

केंद्राच्या दारावर पाटी होती: ताप, सर्दी, खोकला असेल तर आज येऊ नका, तुमचा नंबर जाणार नाही. मी ती रोज वाचत होतो. सुनंदा म्हणाली, "आज जाऊ नका. रातभर खोकून राहिले तुम्ही."

"जून," मी म्हणालो. तेवढा एक शब्द मला स्वच्छ यायचा.

"जून काय पळून चाललाय? त्या चाचांच्या पुढ्यात बसता तुम्ही!"

मी ऐकलं नाही. खडीसाखरेचा खडा गालात धरला, खोकला दाबला आणि एकटाच ऑटोने गेलो. ताप असून आलेल्या पोरांना टाळ्या देणारा मी, स्वतः घरी कसा बसणार? खरं सांगतो, रस्त्यात मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं. दारात मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, "ताप, सर्दी, खोकला?" मी 'नाही' अशी मान हलवली. खोटं बोलायला मला बोलावंही लागलं नाही.

जोडीच्या सरावात मी चाचांसमोर बसलो. आमच्यात हातभर रुंदीचं टेबल. "गैरहजर" म्हटलं, र स्वच्छ आला, चाचांनी खूश होऊन मान डोलावली. 'कोण' म्हणायच्या आधी खडा घशाकडे सरकला आणि दाबून ठेवलेला सगळा खोकला एकदम बाहेर आला. तोंडावर हात न्यायलाही वेळ मिळाला नाही. चाचांनी मात्र स्वतःचा रुमाल काढून माझ्यापुढे धरला.

मॅडमनी मला बाहेर काढलं. "कधीपासून?" मी तीन बोटं दाखवली. त्यांनी आत जाऊन खिडक्या उघडल्या, चाचांचे हात-तोंड धुवायला लावले आणि टेबल पुसलं. मला म्हणाल्या, "आठ दिवस यायचं न्हाई."

पाच दिवसांनी चाचांना ताप भरला. सातव्या दिवशी दवाखान्यात दाखल केलं. न्यूमोनिया.

हे मला आठ दिवसांनी केंद्रात कळलं. मी मॅडमना विचारलं, माझ्यामुळे? त्यांनी माझा केसपेपर मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्यामुळं झालं असं मी सांगू शकत नाही. तुमच्यामुळं नाही झालं, असंही सांगू शकत नाही." आजारपणात मला डॉक्टर लोकांनी पुष्कळ काही सांगितलं. त्यातलं हे एवढंच मला झोपताना ऐकू येतं.

सुनंदा मला दवाखान्यात घेऊन गेली. दारातूनच बघायची परवानगी मिळाली. चाचांच्या नाकात पुन्हा नळी होती. मी दारात उभा राहून, जमेल तशा बोलण्यात, सगळं सांगितलं. खोकला होता, मला माहीत होतं, मी लपवलं. किती शब्द त्यांच्यापर्यंत पोचले, ठाऊक नाही. मला फार लाज वाटत होती. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि हाताने कप पालथा घातल्याची खूण केली. मग डोळे मिटले.

मी जूनमध्ये लातूरला गेलो नाही. बोलणं तसं तयार होत आलं होतं, पण मला त्या कपाचं काय होतं ते बघायचं होतं. माझी बॅच दुसऱ्या सरांना दिली गेली. क्लास चालवणाऱ्या संस्थेने कळवलं, आलात की रिपीटरची, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांची, छोटी बॅच घ्या. मी हो म्हणालो.

चाचा महिन्याने केंद्रात आले, निम्मे होऊन. माझ्यासमोर बसायला मॅडम त्यांना देईनात, तर स्वतःच खुर्ची ओढून लांब, खिडकीपाशी बसले. मॅडमनी चहा पावडर घालून घट्ट केला आणि चमच्याने दिला. एक चमचा. गिळला. मॅडमनी बोटाने घसा चाचपला, आवाज काढायला लावला, थांबल्या. दुसरा चमचा. आम्ही सगळे बघत होतो. सहा चमचे झाल्यावर चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "काय सर, लागली का हजेरी त्या दिवशीची?"

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

अशा केंद्रात तुम्हाला कधी जावं लागलं तर दारावरची पाटी वाचा आणि जी खरी असेल ती मान हलवा. तुमचा एक दिवस बुडेल. समोरच्याचा कप पालथा होणार नाही. मॅडमचे आणि चाचांचे उपकार मी मानतो, आणि सुनंदाचे, जिचं मी ऐकलं नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी आमच्या क्लासच्या पत्र्याच्या शेडमध्ये रिपीटर बॅचपुढे उभा राहिलो. तेवीस पोरं. त्यातल्या बऱ्याच जणांना मी आधी शिकवलेलं. खडू घेतला, श्वास घेतला आणि म्हणालो, "गैरहजर कोण?" हळू आलं, पण आलं.

मागून एक जण उठला. "माझा पार्टनर, सर. ताप हाय त्याला. खोलीवर झोपलाय." बोलता बोलता त्याने सवयीने दाराजवळच्या फळ्याकडे बघितलं.

"बरं केलं त्याने," मी म्हणालो.

पोरं हसली. सरांच्या नकला पुन्हा सुरू झाल्या असं त्यांना वाटलं. ती गप्प होईपर्यंत मी थांबलो, आणि 'बरं केलं त्याने' हेच पुन्हा, एकेक अक्षर सुटं करून म्हणालो.