आप्पांचं गेम पार्लर आणि समोरचा साडू

"दाखव अंगठा!"

दौंडला स्टेशनबाहेरच्या आमच्या गल्लीत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांच्या कानात हे दोन शब्द अजून असतील. आप्पा आपल्या व्हिडिओ गेम पार्लरच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक पोराचा डावा अंगठा तपासायचे. पेरावर लाल वळ किंवा फोड दिसला, की पोरगं दारातूनच परत. तसला फोड घरी टीव्हीला जोडायच्या गेमची बटणं दाबून येतो, पार्लरच्या मशीनचा दांडा फिरवून येत नाही, हे आप्पांनी हेरलं होतं. "घरी डबा हाय ना तुझ्या? मग डब्याशीच खेळ जा!"

पार्लरला लागूनच माझा एसटीडी बूथ होता. सगळा तमाशा मी काचेतून पाहिला आहे, तेव्हा माझं ऐका. गल्लीत आज कोणी म्हणतं पार्लर लोडशेडिंगनं बंद पडलं, कोणी म्हणतं सायबर कॅफेनं, कोणी म्हणतं मोबाइलनं. काहीतरीच! मोबाइल यायच्या कितीतरी आधी त्या पार्लरच्या मुळावर साडू आला होता. आणि बाकीचं, खरं बोलायचं तर, आप्पांनी स्वतःच्या हातानं केलं.

साडू म्हणजे आप्पांच्या मेहुणीचा नवरा, शिरूरचा. त्याचं नाव मी घेणार नाही. माझ्या तोंडाला तेवढीही तसदी नको.

आप्पा मूळचे इनामगावचे. मुंबईहून जुनी मशीनं आणून त्यांनी पार्लर काढलं, तेव्हा शाळा सुटली की गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. एखादे मास्तर पोरं शोधत येताना दिसले, की आप्पा मेन स्विच पाडायचे, पोरं मागच्या दारानं पसार व्हायची आणि आप्पा हात जोडून उभे. "लाईट गेलीया मास्तर. पार्लर बंदच हाय." इकडे माझ्या डोक्यावर पंखा गरगर फिरत असायचा. मास्तर पंख्याकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि मी फोनवर कोणाशी तरी बोलत असल्याचं सोंग करायची.

अशा बहरात साडू पाहुणा म्हणून आला आणि चांगला महिनाभर राहिला. दिवसभर पार्लरच्या बाकड्यावर त्याचा मुक्काम. पोरांना कुठला गेम आवडतो, कुठल्यापुढं रांग लागते, माल मुंबईत कुठं मिळतो, सगळं विचारून घेतलं. आप्पांनीही कौतुकानं सांगितलं. आपला माणूस, त्याच्यापासून काय लपवायचं! दिवाळीला त्या आपल्या माणसानं बरोबर समोरच्या गाळ्यात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान थाटलं आणि काचेत टीव्ही गेमचे सेट मांडले. पाटी काय, तर 'एकदा घ्या, घरबसल्या खेळा'.

"माझाच चहा प्याला, ताई," आप्पा मला म्हणाले, "आन् माझीच पोरं हेरली."

त्या दिवसापासून आप्पांच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. भांडगावचा एक बागायतदार पोराला सेट घ्यायला आला, तर आप्पांनी त्याला रस्त्यातच गाठलं. "नवा टीव्ही हाय का घरी? मग गेली त्याची ट्यूब! ह्या डब्यानं ट्यूब उडती, म्हाईत न्हाई व्हय तुमास्नी?" बागायतदार घाबरून आला तसा परत गेला. आप्पा अख्खा दिवस मिशीत हसत होते. दुसऱ्या दिवशी साडूनं पाटी बदलली, 'टीव्हीची गॅरंटी आमची'. मीही काही कमी नव्हते. साडू मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावायला आला, की माझी लाईन हमखास खराब असायची. त्याच्या मागचा माणूस आत गेला की लगेच लागायची. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

पण आप्पांचा तो अंगठा! तिथं आमचं वाजायचं. दर परीक्षेनंतर, दर दिवाळीनंतर कोणाच्या तरी घरी सेट यायचा आणि पार्लरमधलं एक पोरगं कमी व्हायचं. पोरांना दोन्ही हवं असायचं हो! घरी एकट्यानं खेळायचं, आणि इथं चारजणांनी ओरडत. ती काकुळतीला यायची. आप्पा ढिम्म.

"आप्पा, पोरं साडू न्हाई नेत. तुम्ही हाकलताय," मी एकदा चांगली कडाडले. "उद्या दुकानात चिटपाखरू राहायचं न्हाई."

"न्हाई तर न्हाई. बुडालं तरी चालंल ताई. पर त्याचं उष्टं माझ्या मशीनीवर नको."

आता या माणसाला काय म्हणावं? मला राग यायचा आणि कीवही यायची. स्वतःचं पार्लर ते स्वतःच रिकामं करत होते, आणि त्यांना वाटत होतं आपण सूड घेतोय.

शेवटी एकच गिऱ्हाईक उरलं. रेल्वेच्या इंजिन शेडमधला एक खलाशी, फिटरच्या हाताखालचा, तिशीचा, बिनलग्नाचा गडी. ड्यूटी संपली की तेलकट कपड्यांनीच यायचा आणि मारामारीच्या गेमला भिडायचा. दांड्याला काळे डाग पडायचे, आप्पा ते फडक्यानं मायेनं पुसायचे. "हा हाय तवर पार्लर हाय," असं मला चारचौघात सांगायचे. साडूनं ते ऐकलं असणार.

खलाशाचं लग्न ठरलं. मांडवात मी होते, आप्पा होते, साडूही होता. पंगत चालू होती आणि माइकवर आहेर पुकारत होते. अमक्याकडून ताट, तमक्याकडून पंखा. मध्येच पुकारा झाला, स्टेशनबाहेरच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडून टीव्ही गेमचा सेट! लोकांनी टाळ्या वाजवल्या. खलाशी बोहल्यावर पांढराफटक. लग्नातला आहेर, नको म्हणायची सोय नाही. साडू आप्पांकडे बघून नुसता हसला. आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठले. मेल्यानं भर पंगतीत डाव साधला!

चार दिवसांनी खलाशी धावत आला. "आप्पा, शप्पत, खोकं फोडलं बी न्हाई. बघा अंगठा!"

आप्पांनी अंगठा पाहिलाच नाही. "घरात हाय ना?"

"हाय. पर..."

"मग झालं. सुखानं संसार कर."

मी बूथमधून उठून आले. "आप्पा, अहो, एवढा एक सोडा!" म्हणून हातापाया पडले. आप्पांनी मशीनं एकेक करून बंद केली, शटर ओढलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. महिन्याभरात मशीनं भंगारात गेली आणि आप्पा बायकोला घेऊन इनामगावला परतले.

काही वर्षांनी ते गेल्याचा निरोप आला. मी आणि खलाशी मिळेल त्या गाडीनं पोचलो. अंगणात पाहते तर दौंडची पोरं! दारातून हाकललेली सगळी, आता मिशा फुटलेली, कामाला लागलेली. कोणी निरोप धाडले कोणास ठाऊक. तिरडी उचलायची वेळ झाली तसा साडू पुढे आला, डोळे पुसत, खांदा द्यायला.

आप्पांची बायको साधी बाई. एवढ्या वर्षांत सणाला बहिणीकडं, म्हणजे साडूच्याच घरी, पुरणपोळी पाठवायचं तिनं कधी सोडलं नाही. ती ओट्यावरनंच म्हणाली, "भावजी, तुम्ही न्हाई."

एक म्हातारा पुढे झाला. "आगं, आता कशाचं वैर? घिऊ दे खांदा."

"न्हाई. मरताना त्यांनी एवढंच मागितलंय माझ्याकडं. तुम्ही मागं व्हा, भावजी."

साडूच्या जागी खलाशी गेला, बाकीच्या पोरांनी आळीपाळीनं खांदे लावले, आणि आप्पा घोडनदीकडे निघाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? साडूला त्या गर्दीबरोबर मागून चालायचाही धीर झाला नाही. तो ओट्यापाशी आम्हा बायकांच्या घोळक्यात येऊन उभा राहिला. मी सरकून त्याला जागा दिली नाही.