क्रूस दिसला की एक कडवं

ऐंशीचं दशक सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती. सप्टेंबरातल्या एका शनिवारी ऑस्ट्रियातल्या एका डोंगरी गावात वसईच्या आमच्या चर्च-बँडचा भक्तिगीतांचा कार्यक्रम संध्याकाळी सहाला ठरला होता. सहा वाजता गावचं चर्च भरलं होतं आणि बँड तिथे नव्हता. का नव्हता, हे सांगायचं तर माझ्या बायकोच्या काकांविषयी सांगावं लागतं.

हा माणूस आयुष्यात एकाही ठिकाणी वेळेवर पोहोचला नाही, आणि पोहोचल्यावर कुणालाही त्याच्यावर रागावता आलं नाही. दिवसा ते केळीच्या वाडीत असत आणि उरलेल्या वेळी बँडचे मास्तर. कॉर्नेट, म्हणजे फुंकून वाजवायचं आपलं पितळी वाद्य, चिंचेने घासून इतकं लखलखीत ठेवत, की बायको म्हणे, "माझी भांडी एकदा त्यांच्या हातात द्या." रियाज वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठावर उभं राहून, पाण्याकडे तोंड करून. "पान्यावर सूर लपत नाय," असं त्यांचं म्हणणं. सूर जरा हलला की ते वादकाकडे न बघता पाण्याकडे बघत. त्या बावखलातल्या बेडकांना गावातल्या निम्म्या माणसांपेक्षा जास्त गीतं पाठ असावीत, असा माझा अंदाज आहे.

पण सारी वसई त्यांना ओळखे ती एका नियमामुळे. वाजवत किंवा गात निघालेल्या बँडने वाटेतला एकही क्रूस ओलांडायचा नाही. थांबायचं, एक कडवं वाजवायचं, मग पुढे. आमच्याकडे वाडीच्या तोंडाशी, शेताच्या बांधावर, वळणावळणावर क्रूस. इतर बँड मोठ्या क्रुसापाशी थांबत. काका सगळ्यांपाशी. माझ्या लग्नाच्या दिवशी मी घामाने भिजलेल्या कोटात त्यांच्या मागे उभा होतो आणि नवरी चर्चच्या दारात. मी म्हणालो, "काका, उशीर होतोय." ते म्हणाले, "जावई, क्रूस कोनीतरी कोनासाठी तरी बांधलेला असतो. कोन प्लेगात गेला, कोन बुडाला. वाजवत आलो नि त्याच्यासमोरून गप गेलो, तर त्याला काय वाटेल?" मी मुंबईच्या एका दैनिकात बातम्या तपासायचं काम करतो. त्या दिवशी मात्र काहीही न तपासता मी कोटाची बटणं काढली आणि त्यांच्या मागून पुढच्या क्रुसाची वाट धरली.

परदेशाचं आमंत्रण आणलं ते आमच्या तरुण फादरांनी. त्यांचं शिक्षण तिकडे झालं होतं, जर्मन येत होतं. सामान आणि कागदपत्रं सांभाळायला मीही सोबत होतो. दौऱ्यातला हा शेवटचा आणि सर्वांत मोठा कार्यक्रम. त्यांचे जुने गुरू त्या गावचे धर्मगुरू होते आणि वेळेच्या बाबतीत कडक. "मास्तर, मी सहाचा शब्द दिलाय," फादर म्हणाले. "माझी लाज तुमच्या हातात आहे."

"वाजवत गेलो तरच थांबायचं असतं, फादर," काका म्हणाले. "बसमध्ये कोन वाजवतो?"

तरीही फादरांनी सगळी वाद्यं बसच्या पोटात ठेवायला लावली. काका खिडकीशी सुकेळी, वाडीतली वाळवलेली केळी, खात निमूट बसले. बस डोंगर चढू लागली. उतारावर गवत कापून पसरलं होतं, वर पांढरी शिखरं. ते पाहून कुणाचंही मन भरून आलं असतं. फादरांचं आलं. त्यांनी नकळत मराठी स्तुतिगीत सुरू केलं, आणि पुढच्या ओळीला अख्खी बस गात होती.

वळण आलं. वळणावर लाकडी छपराखाली क्रूस होता.

काका उभे राहिले. "थांबवा."

"मास्तर, नाही! तुम्ही कबूल केलंय!"

"फादर, सुरुवात कोनी केली?"

बस थांबली. वाद्यं निघाली, एक कडवं झालं, वाद्यं परत गेली. पुढच्या वळणावर पुन्हा क्रूस. त्या खोऱ्यात ते वसईपेक्षा कमी नव्हते. ड्रायव्हर हा एक धिप्पाड, लालबुंद माणूस. दुसऱ्या वेळी त्याने घड्याळावर बोट आपटलं. फादर कपाळाला हात लावून बसले होते. तिसऱ्या क्रुसापाशी मात्र तो स्वतः खाली उतरला आणि त्याने टोपी काढली. कडवं संपल्यावर तो फादरांशी काहीतरी बोलला.

"काय म्हनतो?" काकांनी विचारलं.

"हा त्याच्या भावाचा क्रूस आहे," फादर हळू आवाजात म्हणाले. "झाड अंगावर पडून गेला. इथे कधी कुणी वाजवलं नव्हतं, म्हणतो."

काकांनी ते कडवं पुन्हा वाजवलं. नंतर एकदाही त्यांना 'थांबवा' म्हणावं लागलं नाही. ड्रायव्हर स्वतःच थांबत गेला. वाद्यं परत पोटात ठेवणं बंद झालं. शेतातली माणसं गवत ओढायची दाताळी खांद्यावर टाकून हळूहळू चढणाऱ्या बसच्या मागून चालू लागली. मी मागच्या काचेतून पाहत होतो. रस्ता वळणापर्यंत माणसांनी भरला होता.

वर चर्चमध्ये वाट पाहणाऱ्या लोकांना दरीतून कॉर्नेट ऐकू येत होतं. थांबत होतं, पुन्हा जवळून येत होतं. शेवटी तेही बाहेर पडून उतरू लागले. गावाखालच्या क्रुसापाशी दोन्हीकडची माणसं भेटली. सर्वांत पुढे हातात घड्याळ घेतलेले म्हातारे धर्मगुरू होते. फादर माफी मागायला पुढे झाले, पण काकांनी कडवं सुरू केलं होतं. म्हाताऱ्यांनी ते संपेपर्यंत ऐकलं, घड्याळ खिशात टाकलं आणि ते गवतात बसले. मग सगळेच बसले. ठरलेला कार्यक्रम तिथेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत झाला. टाळी एकही वाजली नाही.

जाताना धर्मगुरूंनी फादरांकरवी विचारलं, "तुमच्या गावात क्रूस किती?"

"मोजले नाय," काका म्हणाले. "थांबलो."

दशक संपता संपता काका गेले. तोवर फादरांची बदली दुसऱ्या गावी झाली होती. दफनविधीसाठी ते मुद्दाम आले. घरापासून चर्चपर्यंत बँड प्रत्येक क्रुसापाशी थांबत गेला. तळ्याजवळचा क्रूस रस्ता रुंद करताना काढून शेजारच्या आवारात ठेवला होता. त्याच्या जुन्या जागी नुसती खडी होती. बँडची मुलं एकमेकांकडे बघत पुढे निघाली.

सर्वांच्या पुढे चालणारे फादर त्या जागी थांबले. "थांबा," ते म्हणाले.

बँडने एक कडवं वाजवलं.